कामगार न्यायालयाचा निवाडा आणि संविधानाची याचिका: आधार कुठे, अडथळा कुठे?

रामाकोना हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यातील, नागपूर–छिंदवाडा मार्गावरचे गाव. ते ज्या सौंसर तालुक्यात येते, त्याच तालुक्यात बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. समजा, रामाकोना येथील एखादा कामगार बोरगावच्या कारखान्यातून बडतर्फ झाला आणि त्याच आठवड्यात गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतून दुसरा एक कामगार बडतर्फ झाला. दोघांची राज्ये वेगळी, कामगार न्यायालये वेगळी, उच्च न्यायालयेही वेगळी. तरीही दोघांच्या लढ्याचा एक टप्पा सारखाच असतो. कामगार न्यायालयातील प्रकरण केव्हा ना केव्हा संविधानाच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खालील याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात पोहोचते.

ही याचिका नेमकी काय असते, ती कामगाराच्या उपयोगी केव्हा पडते आणि त्याच्याच मार्गातील धोंड केव्हा बनते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परिणामी काही कामगार तिच्याकडून अपिलाइतकी अपेक्षा ठेवतात, तर काही जण मालकाने याचिका दाखल केल्याचे कळताच सर्व संपले असे समजून पडेल ती तडजोड स्वीकारतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

अपील नाही, म्हणून याचिका

दिवाणी दाव्यात खालच्या न्यायालयाचा निकाल पटला नाही, तर वरच्या न्यायालयात अपील करता येते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये मात्र कामगार न्यायालयाच्या निवाड्यावर अपिलाची तरतूद ठेवली गेली नाही. प्रसिद्ध झालेला निवाडा अंतिम राहील आणि कोणत्याही न्यायालयात त्यास आव्हान देता येणार नाही, असे कलम १७ सांगत असे. हेतू स्पष्ट होता. कामगाराचे पोट हातावर असते. अपिलावर अपील चढत गेले तर निकाल हाती येईपर्यंत त्याचा संसार मोडून पडेल. म्हणून वाद एका ठिकाणी आणि लवकर मिटावा, अशी कायदेमंडळाची अपेक्षा होती.

दिवाणी न्यायालयाचा मार्गही जवळजवळ बंदच आहे. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जो हक्क औद्योगिक विवाद कायद्यानेच निर्माण केला आहे, त्याची दादही त्याच कायद्याने नेमून दिलेल्या यंत्रणेकडे मागितली पाहिजे.

परंतु साधा कायदा संविधानाने दिलेले अधिकार काढून घेऊ शकत नाही. निवाड्यास कायद्याने कितीही अंतिम म्हटले, तरी अनुच्छेद २२६ खालील रिट काढण्याचा आणि अनुच्छेद २२७ खालील पर्यवेक्षणाचा उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित राहतो. सर्वोच्च न्यायालयाचा अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमतीचा अधिकारही तसाच राहतो. संविधान अमलात आले त्याच वर्षी, १९५० मध्ये, भारत बँकेच्या खटल्यात हा प्रश्न उपस्थित झाला. औद्योगिक न्यायाधिकरण हे अनुच्छेद १३६ च्या अर्थाने ‘न्यायाधिकरण’ ठरते काय, असा तो प्रश्न होता. बहुमताने उत्तर होकारार्थी आले आणि कामगार कायद्याच्या निवाड्यांना संविधानाची कायमची देखरेख लाभली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. खासगी कंपनीने कामावरून काढले म्हणून थेट कंपनीविरुद्ध रिट याचिका करता येईल, असे सहसा होत नाही. रिट प्रामुख्याने शासन आणि सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या संस्थांविरुद्ध असते. मात्र त्याच कंपनीच्या वादात निवाडा देणारे कामगार न्यायालय उच्च न्यायालयाच्या पर्यवेक्षणाखाली येते. म्हणजे याचिकेत तपासला जातो तो कामगार न्यायालयाचा आदेश.

थेट संविधानाकडे जाण्याचा मार्ग अपवादात्मक परिस्थितीत खुला होतो. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत असल्याचे प्रकरण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम म्हणजे अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय, असा निर्णय झाला. तेथे प्रश्न मूलभूत हक्काचा होता. एखाद्याची बडतर्फी योग्य की अयोग्य, या वादासाठी मात्र प्रथम कामगार न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

उच्च न्यायालय काय पाहते?

याचिकेत उच्च न्यायालय साक्षीपुरावे पुन्हा तोलत नाही. कोणत्या चुका दुरुस्त करता येतात, याची चौकट घालून देणारा एक महत्त्वाचा निकाल रामाकोना ज्या प्रदेशात आहे, त्याच जुन्या मध्य प्रदेशातून आला, ही लक्षणीय गोष्ट आहे. संविधान सभेचे सदस्य राहिलेले हरि विष्णू कामथ यांनी होशंगाबाद मतदारसंघातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल निवडणूक न्यायाधिकरणापुढे नेला. ते प्रकरण नागपूरच्या तत्कालीन उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वादाचा कामगारांशी संबंध नव्हता. परंतु न्यायाधिकरणाच्या आदेशात उच्च न्यायालयाने केव्हा हस्तक्षेप करावा, याबद्दल तेथे घालून दिलेली तत्त्वे पुढे कामगार खटल्यांतही आधारभूत ठरली.

ती तत्त्वे सोप्या भाषेत अशी मांडता येतील. न्यायाधिकरणाने अधिकार नसताना निर्णय दिला, असलेला अधिकार वापरण्याचे नाकारले, नैसर्गिक न्यायाचा भंग केला किंवा कायद्याची उघड दिसणारी चूक केली, तर उच्च न्यायालय आदेश रद्द करू शकते. मात्र ते अपिलाचे न्यायालय बनून पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करीत नाही. पुढे सय्यद याकूब खटल्यात हे अधिक नेमकेपणाने सांगितले गेले. वस्तुस्थितीविषयीचा निष्कर्ष केवळ चुकीचा वाटतो म्हणून बदलता येत नाही. पण तो कोणत्याही पुराव्याविना काढला असेल किंवा ग्राह्य पुरावा चुकीने बाजूला ठेवला असेल, तर ती कायद्याची चूक ठरते.

कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहार्य आहे. साक्ष, हजेरीपट, पगाराच्या पावत्या, चौकशीचे कागद हे सर्व कामगार न्यायालयातच नोंदवून घ्यावे लागते. ‘तेथे राहिले ते उच्च न्यायालयात दाखवू’ हा हिशेब बहुधा फसतो.

उच्च न्यायालयांनीही ही मर्यादा ओलांडू नये, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी करून दिली आहे. २०१० साली हरजिंदर सिंग खटल्यात कामगार न्यायालयाने दिलेला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश बदलून केवळ नुकसानभरपाई देणारा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला. कामगार कायदे सामाजिक न्यायासाठी आहेत आणि याचिकेचा अधिकार वापरताना तो हेतू नजरेआड होता कामा नये, असा त्या निकालाचा रोख होता.

खटला चालू असतानाच याचिका

निवाड्यानंतरची याचिका ही झाली एक बाजू. खरी अडचण निर्माण होते ती निवाड्यापूर्वीच्या याचिकेने. बडतर्फीच्या खटल्यात पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, कंपनीने केलेली अंतर्गत चौकशी न्याय्य होती काय? हा ‘प्राथमिक मुद्दा’ आधी ठरतो. चौकशी सदोष ठरल्यास कंपनीला कामगार न्यायालयापुढे नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळते. याखेरीज ‘हा कामगारच नव्हे’, ‘हा उद्योगच नव्हे’, ‘संदर्भ करणारे सरकार योग्य नव्हे’ असे आक्षेपही प्राथमिक मुद्दे म्हणून पुढे केले जातात. अशा प्रत्येक मुद्द्यावरील आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका, तेथे स्थगिती, त्यावर पुन्हा सर्वोच्च न्यायालय, असा प्रवास सुरू झाला की मूळ प्रश्न वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो.

साताऱ्याच्या कूपर इंजिनिअरिंग कंपनीच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रवृत्तीला पहिला ठोस अटकाव केला. प्राथमिक मुद्द्यावरील निर्णयाला आव्हान देऊन कोणत्याही पक्षाने अंतिम निवाडा रोखून धरणे समर्थनीय नाही. तो मुद्दा निवाड्यानंतरच्या याचिकेतही मांडता येतो. म्हणून उच्च न्यायालयाने मधल्या टप्प्यावर हस्तक्षेप नाकारणे योग्यच ठरेल, असे न्यायालयाने म्हटले.

आठ वर्षांनी, १९८३ च्या माहेश्वरी खटल्यात न्यायालयाची भाषा अधिक कठोर झाली. प्राथमिक आक्षेपांचा आणि अनुच्छेद २२६ व १३६ खालील याचिकांचा वापर करून कामगाराला एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात खेचत नेणे आणि त्याची लढण्याची शक्ती संपवणे, या प्रकाराकडे न्यायालयाने बोट दाखवले. न्यायाधिकरणांनी सर्व मुद्दे एकत्रच निकाली काढावेत आणि उच्च न्यायालयांनी मधल्या आदेशांवर कार्यवाही थांबवू नये, असे त्या निकालात बजावले आहे.

गोव्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण मुरगाव बंदराचे आहे. निर्यात होणाऱ्या खनिजाचे नमुने घेण्याच्या कामावरील कर्मचाऱ्यांचा वाद केंद्र सरकारने औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवला होता. संदर्भ करण्यास केंद्र सरकार हे योग्य सरकारच नव्हे, असा प्राथमिक आक्षेप घेतला गेला आणि न्यायाधिकरणाने तो मान्य केला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर एक शब्दही न होता प्रकरण तेथेच अडले. ‘गोवा सॅम्पलिंग एम्प्लॉईज असोसिएशन’ या नावाने १९८५ च्या विधी-अहवालांत नोंदल्या गेलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. तेव्हा गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. त्यामुळे कोणत्याही बाजूने पाहिले तरी योग्य सरकार केंद्राचेच ठरत होते. इतक्या सरळ प्रश्नासाठी कर्मचाऱ्यांना दिल्लीपर्यंत जावे लागले, आणि त्यानंतर मूळ मागण्यांची सुनावणी आरंभापासून व्हायची होती.

मध्य प्रदेशातील विक्रम सिमेंट खटल्याने २००८ साली याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम स्वीकारलेल्या कामगारांनी नंतर ती निवृत्ती स्वेच्छेची नव्हती, असे म्हणत कामगार न्यायालयात धाव घेतली. कंपनीने अर्ज चालण्याजोगेच नाहीत, हा मुद्दा आधी ठरवण्याचा आग्रह धरला. कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय आणि उच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी तो मान्य झाला नाही. सर्व मुद्दे एकत्रच चालावेत, हेच सर्वोच्च न्यायालयानेही कायम केले. परंतु उच्च न्यायालयाने कामगारांना घेतलेली रक्कम परत करण्याची जी अट घातली होती, तीही टिकली. याचिकेचा अधिकार समन्यायावर आधारलेला असल्याने तो दोन्ही पक्षांकडून प्रामाणिक वर्तनाची अपेक्षा ठेवतो, हा त्यातील धडा आहे. मालकाची याचिका फेटाळली गेली म्हणजे कामगारावर कोणतीच अट येणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

पगाराचे कवच आणि त्यातील फट

निवाडा कामगाराच्या बाजूने लागूनही मालक वरच्या न्यायालयात गेला, तर तोपर्यंत कामगाराने खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणून औद्योगिक विवाद कायद्यात कलम १७-ख घालण्यात आले आणि २१ ऑगस्ट १९८४ पासून ते अमलात आले. कामगार न्यायालयाने पुन्हा कामावर घेण्याचा निवाडा दिला असेल आणि मालकाने त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात कार्यवाही सुरू केली असेल, तर ती प्रलंबित असेपर्यंत कामगाराला शेवटचे घेतलेले पूर्ण वेतन मिळाले पाहिजे. अट एवढीच की, या काळात आपण अन्यत्र नोकरीस नव्हतो, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने दाखल करावे. तो पुरेशा मोबदल्यावर दुसरीकडे काम करीत असल्याचे सिद्ध झाल्यास मात्र हा हक्क राहत नाही.

डेना बँकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही रक्कम निर्वाहासाठी असते आणि शेवटी निकाल कामगाराच्या विरुद्ध गेला तरी ती परत मागता येत नाही. पूर्वीचे कायदे एकत्र करणारी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वरच्या न्यायालयातील कार्यवाहीच्या काळात पूर्ण वेतन देण्याची तरतूद या संहितेतही राखली आहे. संहितेने रचना बदलून न्यायिक आणि प्रशासकीय सदस्य असलेल्या औद्योगिक न्यायाधिकरणांवर भर दिला, बडतर्फीविरुद्ध थेट अर्ज करण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. संविधानाच्या याचिकेचे स्थान मात्र तेच राहते, कारण ते कोणत्याही कायद्याने दिलेले नाही.

या कवचात एक मोठी फट आहे. पूर्ण वेतनाचा हक्क निर्माण होतो तो निवाड्यानंतर. खटला अर्ध्यावर असताना मालकाने प्राथमिक मुद्द्यावर याचिका करून स्थगिती मिळवली, तर ही तरतूद लागू होत नाही, कारण तेव्हा निवाडाच झालेला नसतो. पुन्हा कामावर घेण्याऐवजी केवळ नुकसानभरपाई मिळाली असेल, तरीही ती लागू होत नाही. म्हणूनच मधल्या टप्प्यावरील याचिका कामगाराला सर्वाधिक जाचते. त्या काळात वेतन नसते आणि निकालही दृष्टिपथात नसतो. कूपर आणि माहेश्वरी निकालांचे खरे मोल या ठिकाणी कळते. जेथे पगाराचे संरक्षण नाही, तेथे विलंबाविरुद्धचे हे निकालच कामगाराचे संरक्षण आहेत.

विलंबाचा ठपका शेवटी कामगारावर येऊ नये, हेही न्यायालयाने सांगितले आहे. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली उच्च न्यायालयाने काढून घेतलेले मागील वेतन सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केले. खटला लांबला याला बहुतेक वेळा कर्मचारी जबाबदार नसतो. म्हणून केवळ काळ लोटला या कारणावरून मागील वेतन नाकारणे हा त्याच्यावर अन्याय होईल, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे.

अनुच्छेदाचा आकडा आणि न्यायालयाचे अंतर

याचिका २२६ खाली की २२७ खाली, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो; पण त्यावर पुढचा एक टप्पा अवलंबून असतो. गोवा खंडपीठासह मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशाने अनुच्छेद २२६ खाली दिलेल्या निकालावर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे अपील होऊ शकते. २२७ खालील निकालावर ते होत नाही. उमाजी मेश्राम खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, याचिका दोन्ही अनुच्छेदांखाली केलेली असेल आणि वस्तुस्थितीनुसार ती २२६ मध्ये बसत असेल, तर पक्षकाराचा अपिलाचा हक्क हिरावू नये. मध्य प्रदेशात असे अपील २००५ च्या राज्य कायद्याने पुन्हा उपलब्ध झाले, पण तेथेही ते २२६ पुरतेच आहे. विक्रम सिमेंटचे अपील याच कारणाने टिकले नाही. मथळ्यावर कोणता आकडा लिहिला, यापेक्षा याचिकेचे खरे स्वरूप काय, हे न्यायालय पाहते.

पर्यवेक्षणाचा हा अधिकार भूगोलाशी बांधलेला आहे. प्रत्येक उच्च न्यायालयाची देखरेख आपापल्या क्षेत्रातील न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर असते. रामाकोन्याचा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिले आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. आजही नागपूर रामाकोन्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे, जबलपूर त्याच्या दुपटीहून लांब. परंतु मध्य प्रदेशातील कामगार न्यायालयाचा निवाडा नागपूर खंडपीठापुढे नेता येत नाही. मराठी बोलणाऱ्या त्या कामगाराला हिंदीत चाललेल्या खटल्याचे कागद घेऊन जबलपूरच गाठावे लागते.

गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे. ३० ऑक्टोबर १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत आले. आज ते पर्वरीत आहे आणि राज्याच्या कोणत्याही टोकावरून दिवसात जाऊन परतता येते. मात्र न्यायालय जवळ असल्याचा लाभ दोन्ही पक्षांना मिळतो. कामगाराला दाद मागणे सोपे, तसेच मधल्या आदेशावर याचिका करणेही सोपे.

कामगाराने काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, प्राथमिक मुद्दा वेगळा काढण्याची मागणी झाल्यास सर्व मुद्दे एकत्र चालावेत, असा लेखी आक्षेप कामगार न्यायालयातच नोंदवावा. दुसरी, मधल्या टप्प्यावर उच्च न्यायालयाची नोटीस आली तर हजर राहून स्थगितीस विरोध करावा. नोटिशीकडे पाठ फिरवल्यास एकतर्फी स्थगिती कायम राहण्याचा धोका असतो. तिसरी, निवाड्यानंतर मालक याचिकेत गेल्यास पूर्ण वेतनासाठी प्रतिज्ञापत्रासह अर्ज तत्काळ करावा. हे वेतन आपोआप सुरू होत नाही. चौथी, स्वतः याचिका करायची असल्यास उशीर करू नये. अशा याचिकेला कायद्याने ठरावीक मुदत नाही, पण अकारण विलंब हे ती फेटाळण्याचे कारण ठरू शकते.

वकिलाच्या खर्चाची चिंता हा अनेकांचा अडसर असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेस पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. उच्च न्यायालयातील याचिकेसाठीही विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. वेर्ण्याच्या कामगाराने तो पर्वरीत करावा, रामाकोन्याच्या कामगाराने जबलपुरात.

कायदेमंडळाने अपील ठेवले नाही ते विलंब टळावा म्हणून, आणि संविधानाने याचिका ठेवली ती अन्याय टळावा म्हणून. या दोन हेतूंमध्ये विरोध नाही. मात्र अन्याय टाळण्यासाठीचा मार्ग विलंबासाठी वापरला गेला, तर दोन्ही हेतू विफल होतात. ते होऊ न देण्याची जबाबदारी न्यायालयांची आहेच. पण मधल्या टप्प्यावर वेळीच आक्षेप नोंदवणारा कामगार समोर असेल, तर न्यायालयालाही ती पार पाडणे सोपे जाते.